ऐकणे आणि उमगणे यांमधील अंतर : चित्रपटातील ध्वनी आणि ताणाची निर्मिती

१

चित्रपटाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात संगीताचा विचार बहुतांशी गीतांचा विचार म्हणून येतो. गीतकार, संगीतकार, गायक, रागाचा आधार, शब्दांची गुणवत्ता यांची चर्चा आपण आवडीने करतो. गीते वगळल्यानंतर ध्वनिपट्टीवर जे उरते, म्हणजे पार्श्वसंगीत, पावलांचे आणि दारांचे आवाज, दूरवरून येणारी हाक, आणि या सर्वांच्या अभावी निर्माण होणारी शांतता, त्याचा उल्लेख 'परिणामकारक' अशा एखाद्या विशेषणावर संपतो. हा परिणाम कशाचा व कोणत्या मार्गाने होतो, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा एकच पदर हाताळावयाचा आहे : चित्रपटातील ध्वनी प्रेक्षकाच्या मनात ताण कसा निर्माण करतो, आणि त्या ताणाचे पुढे काय होते.

रूढ उत्तर असे की, कर्कश, विसंवादी किंवा अनपेक्षित आवाजामुळे ताण निर्माण होतो. हे उत्तर नवे नाही. भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना 'विकृत रव' आरंभीच नोंदविला आहे. कोल्ह्याची कोल्हेकुई आणि घुबडाचा घुत्कार यांनाही त्या यादीत स्थान आहे. तथापि चित्रपटांतील सर्वाधिक ताणलेले प्रसंग आठवून पाहिले, तर तेथे विकृत रवापेक्षा अगदी साधे आवाज आढळतात. एखादी शीळ, झोपाळ्याची करकर, शाळेतल्या मुलांचे गाणे. हे आवाज स्वतः भयप्रद नाहीत. ते ऐकू येणे आणि त्यांचा अर्थ उमगणे यांच्यामध्ये दिग्दर्शकाने जे अंतर ठेवलेले असते, त्या अंतरात ताण वसतो. हे अंतर कोण मिटवतो, पात्र, प्रेक्षक, की कोणीच नाही, यावर त्या ताणाचे स्वरूप अवलंबून असते. हा या निबंधाचा मुख्य मुद्दा आहे.

२

या अंतराचा विचार करण्यासाठी दोन परंपरांतील संकल्पना उपयोगी पडतात. पहिली फ्रेंच चित्रपटविचारातील. मिशेल शियों यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात चित्रपटातील आवाजाचा, म्हणजे मानवी कंठध्वनीचा, जो अभ्यास केला, त्याच्या केंद्रस्थानी ज्याचा स्रोत दिसत नाही असा ध्वनी आहे. ही कल्पना त्यांनी संगीतकार पिएर शेफर यांच्याकडून घेतली, आणि तिचे मूळ पायथागोरसच्या पडद्याआडून बोलण्याच्या दंतकथेपर्यंत नेले जाते. बोलणारा दिसत नाही तोवर त्याच्या आवाजाला एक प्रकारची सर्वव्यापी सत्ता प्राप्त होते. तो दिसला की ती सत्ता गळून पडते. येथे आपण अशा ध्वनीस 'अदृष्टस्रोत ध्वनी' म्हणू.

दुसरी संकल्पना आपल्या काव्यशास्त्रातील. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने काव्यातील व्यंग्यार्थासाठी 'ध्वनी' हाच शब्द योजला, हा योगायोग बाजूला ठेवला तरी त्याने केलेला एक भेद आपल्या विषयाला थेट लागू पडतो. काही ठिकाणी वाच्यार्थापासून व्यंग्यार्थापर्यंत जाण्याचा क्रम असतो, पण तो जाणवत नाही. रसध्वनी हा असा असंलक्ष्यक्रम आहे. अन्यत्र हा क्रम जाणवतो : आधी एक अर्थ, मग घंटेच्या टोल्यानंतर रेंगाळणाऱ्या अनुरणनासारखा दुसरा. हा संलक्ष्यक्रम होय. आनंदवर्धनाने हा भेद शब्दार्थासाठी केला. चित्रपटासाठी तो जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे उघड आहे. चित्रपटातील आवाजाला कोशगत अर्थ नसतो. परंतु 'क्रम जाणवणे' आणि 'क्रम न जाणवणे' हा भेद मात्र तेथेही खरा ठरतो. काही ध्वनी आपल्यावर एकदम कोसळतात, तर काही ध्वनी आधी केवळ ऐकू येतात आणि त्यांचे अनुरणन नंतर अर्थरूप होते.

ताण हा शब्द रसांच्या यादीत नाही. भयानक रस आणि ताण एकच नव्हेत. भय हे समोर आलेल्या गोष्टीचे असते, ताण हा येऊ घातलेल्या गोष्टीचा. संचारी भावांच्या यादीतील शंका, त्रास, औत्सुक्य आणि आवेग यांच्या मिश्रणाजवळ तो जातो. संचारी भाव क्षणजीवी असतात, स्थायीला पुष्ट करून ते ओसरतात. चित्रपटातील ध्वनीचे वैशिष्ट्य असे की, या क्षणजीवी भावांना तो दीर्घकाळ धरून ठेवू शकतो. दृश्य आपण डोळे मिटून टाळू शकतो, कान मात्र तितक्या सहजपणे मिटता येत नाहीत.

३

बोलपटाच्या आरंभकाळातील फ्रिट्झ लांग यांचा 'एम' (१९३१) हा या दृष्टीने पायाभूत चित्रपट आहे. त्यात स्वतंत्र पार्श्वसंगीत नाही. बराच भाग तर पूर्ण निःशब्द आहे. त्यामुळे जो आवाज येतो, तो कोरलेला वाटतो. बर्लिनमध्ये लहान मुलींचे खून होत आहेत. एक आई शाळेतून न परतलेल्या एल्सीची वाट पाहत आहे. ती जिन्यात उभी राहून मुलीला हाक मारते. हाक ऐकू येत राहते, आणि पडद्यावर एकामागून एक रिकाम्या जागा येतात : ओस जिना, कपडे वाळत घातलेला पोटमाळा, टेबलावर मांडलेली रिती ताटली. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू, आणि तारांत अडकलेला फुगा. हाकेचा स्रोत आपल्याला ठाऊक आहे, तिचा अर्थही ठाऊक आहे; पण जिच्यासाठी ती हाक आहे, ती ऐकणारी नाही. खून दाखविलेला नाही, त्याचा आवाजही नाही. उत्तर न आलेल्या हाकेतून तो आपल्याला कळतो.

याच चित्रपटातील दुसरा ध्वनी म्हणजे खुन्याची शीळ. ग्रीग यांच्या 'पीर गिंट'साठीच्या संगीतातील पर्वतराजाच्या दालनाची ही धून आहे. (पीटर लोरे यांना शीळ घालता येत नसल्याने ती खुद्द लांग यांनी घातली.) पहिल्यांदा ती ऐकू येते तेव्हा एक माणूस आंधळ्या फुगेवाल्याकडून मुलीसाठी फुगा घेत आहे, एवढेच आपण पाहतो. पुढे तीच शीळ पुन्हा येते, आणि आता तो फुगेवाला ती ओळखतो. सारे शहर, पोलीस आणि गुन्हेगारांच्या टोळ्या ज्याला डोळ्यांनी शोधत आहेत, तो सापडतो एका आंधळ्याच्या कानांना. संलक्ष्यक्रमाचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण. शीळ आणि तिचा अर्थ यांमध्ये जवळजवळ अर्धा चित्रपट आहे. हे अंतर येथे कथेतील पात्र मिटवते, आणि ते मिटताच ताणाचे स्वरूप बदलते : 'तो कोण' या शंकेची जागा 'त्याचे काय करायचे' हा प्रश्न घेतो. शेवटी गुन्हेगारांच्या न्यायसभेपुढे उभा केलेला हा खुनी जेव्हा आपल्या आतल्या अनिवार ओढीविषयी बोलतो, तेव्हा ती शीळ त्यालाही आवरता न येणारी होती, असे आपल्याला उमगते. तिच्या अर्थाचा आणखी एक थर येथे उलगडतो.

४

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'मध्ये (१९६०) वाट वेगळी आहे. बर्नर्ड हर्मन यांनी या चित्रपटाचे संगीत केवळ तंतुवाद्यांसाठी रचले. न्हाणीघरातील खुनाच्या प्रसंगी व्हायोलिनांच्या उंच स्वरांतील किंकाळ्या सर्वपरिचित आहेत. त्या प्रसंगी संगीतच नको, असा हिचकॉक यांचा मूळ विचार होता, आणि हर्मन यांची रचना ऐकल्यावर त्यांनी तो बदलला, हेही प्रसिद्ध आहे. हा धक्का असंलक्ष्यक्रम आहे; तेथे विचाराला अवसर नाही. परंतु ताणाच्या दृष्टीने त्याआधीचा भाग अधिक बोलका आहे. मॅरियन मालकाचे पैसे घेऊन मोटारीतून पळाली आहे. पडद्यावर दिसते ते इतकेच की एक स्त्री गाडी चालवीत आहे. रात्र होते, पाऊस लागतो. आवाज बंद करून हा भाग पाहिला तर त्यात घडत काहीच नाही. पण शीर्षकावेळचे ते धावते, अस्वस्थ संगीत परत आलेले असते. आपल्याला माहीत नसलेले काहीतरी या संगीताला माहीत आहे, अशी भावना त्यातून निर्माण होते.

त्रूफो यांच्याशी झालेल्या सुप्रसिद्ध संभाषणांत हिचकॉक यांनी उत्कंठा आणि धक्का यांतील भेद सांगितला, तो माहितीवर आधारलेला आहे : टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तर उत्कंठा, नसेल तर क्षणभराचा धक्का. मॅरियनच्या प्रवासात मात्र प्रेक्षकाला बाँबची माहिती नाही, तरीही उत्कंठा आहे. संगीताने माहिती न देता केवळ माहितीचे अस्तित्व सुचविले आहे. खुनानंतर संगीत थांबते आणि न्हाणीघरातील पाण्याचा आवाज तसाच चालू राहतो. मघापर्यंत तो सुखाचा आवाज होता. त्यात ध्वनी म्हणून काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते ऐकणाऱ्याचे ज्ञान.

'द बर्ड्स'मध्ये (१९६३) हिचकॉक यांनी रूढ पार्श्वसंगीत पूर्णपणे वगळले आणि पक्ष्यांच्या आवाजांसाठी इलेक्ट्रॉनिक ध्वनींचा वापर केला. तरीही त्यातील सर्वांत ताणलेला प्रसंग पक्ष्यांच्या आवाजाचा नाही. नायिका शाळेबाहेर बाकावर बसली आहे. आत मुले एक लांबलचक, पालुपदाचे गाणे म्हणत आहेत. तिच्या पाठीमागच्या खेळाच्या सांगाड्यावर कावळे येऊन बसत आहेत : आधी एक, मग काही, मग असंख्य. ते नीरव आहेत. गाणे कडव्यामागून कडवे तसेच पुढे जाते. गाणाऱ्यांना बाहेरचे काही ठाऊक नाही, आणि गाणे संपले की मुले बाहेर येणार, हे आपल्याला ठाऊक आहे. ध्वनीची निरागस अलिप्तता हीच येथे धमकी होते. शाळेतून येणारा हा सामूहिक स्वर पुढे एका मराठी चित्रपटाच्या संदर्भात पुन्हा विचारात घ्यावयाचा आहे.

५

पाश्चात्त्य चित्रपटात पार्श्वसंगीत आणि कथाविश्वातील ध्वनी हे दोन प्रदेश बरेचसे वेगळे राखले जातात. हिंदी चित्रपटात गीत हा तिसरा प्रदेश आहे, आणि तो या दोहोंच्या सीमा ओलांडतो. गीत आले की कथेचा ताण सैल होतो, असा एक सरसकट समज आहे. बी. आर. चोप्रा यांनी 'कानून' (१९६०) हा रहस्यपट गीतांवाचून केला आणि त्यांच्याच निर्मितिसंस्थेच्या, यश चोप्रा दिग्दर्शित 'इत्तेफाक'मध्येही (१९६९) गीते नाहीत, यामागे हाच समज दिसतो. पण कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) त्याला छेद देतो. खेमचंद प्रकाश यांनी संगीतबद्ध केलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले त्यातील प्रसिद्ध गीत हे अदृष्टस्रोत ध्वनीचे उदाहरण आहे. ओसाड वास्तूत रात्री एक स्वर येतो. आरंभीच्या ओळी तालावाचून येतात, स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास होतो, आणि नायक त्या स्वरामागे दालनांतून फिरतो. झोपाळ्यावर स्त्री दिसते, पण ती गवसत नाही. गीत येथे कथा थांबवीत नाही. नायकाला कथेत ओढून नेण्याचे काम तेच करते. अखेरीस ही गाणारी म्हणजे माळ्याची मुलगी, असा उलगडा होतो. शियों म्हणतात त्याप्रमाणे स्रोत सापडताच स्वराची सत्ता ओसरते. नायक मात्र तोवर त्या सत्तेखाली उद्ध्वस्त झालेला असतो. उलगडा उशिरा झाला, हीच येथे शोकांतिका आहे.

पंचवीसेक वर्षांनंतर, 'शोले'मध्ये (१९७५), झोपाळा पुन्हा ऐकू येतो. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाचा प्रसंग मोठ्या वाद्यवृंदाला आमंत्रण देणारा होता. राहुल देव बर्मन यांच्यासारखा कल्पक संगीतकार हाताशी असताना रमेश सिप्पी यांनी तेथे संगीत मागे घेतले आणि अंगणातील झोपाळ्याच्या कड्यांची करकर पुढे आणली. बंदुकीचा प्रत्येक बार आणि त्यासरशी थिजलेले दृश्य; त्यांच्या मधल्या अवकाशात ही करकर. घरगुती सुखाचे उपकरण माणसे गेल्यावरही हलत राहते. बालकाचा मृत्यू दिसत नाही. बंदुकीच्या बारानंतर आपण थेट आगगाडीपाशी पोहोचतो, जिच्यातून ठाकूर घरी येत आहे. आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही : हिचकॉक यांच्या व्याख्येतील हे अंतर येथे ध्वनीने बांधले आहे. तरीही या अंतराला कथेत निश्चित भरपाई आहे. सूडाची कथा असल्याने प्रत्येक बाराचा हिशेब पुढे चुकता होतो, आणि प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो.

६

जेथे हिशेब चुकता होत नाही, तेथे ताणाचे काय होते? ऋत्विक घटक यांच्या चित्रपटांत हा प्रश्न उभा राहतो. 'मेघे ढाका तारा' (१९६०) ही फाळणीनंतर कोलकात्याच्या परिसरातील निर्वासित वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाची कथा. नीता या थोरल्या मुलीच्या मिळकतीवर घर चालते. तिचा प्रियकर आणि ती बोलत असताना आई ते ऐकते, तेव्हा ध्वनिपट्टीवर स्वयंपाकाच्या रटरटण्याचा आवाज वाढत जातो. ही मुलगी लग्न करून गेली तर चूल कशी पेटायची, ही आईची भीती एकाही शब्दावाचून आपल्यापर्यंत पोहोचते. हा आवाज आईच्या कथाविश्वातला आहे, पण त्याची पातळी तिच्या मनातली आहे.

यापुढची पायरी म्हणजे चाबकाचा आवाज. प्रियकराच्या घरी दुसरी स्त्री असल्याचे कळल्यावर नीता जिना उतरते, तेव्हा तो ऐकू येतो. पुढे भावाबरोबर रवींद्रसंगीतातील एक गीत गाताना ती कोसळते, तेव्हा त्या सुरांवरही तो उमटतो. कथेत कोठेही चाबूक नाही. या ध्वनीला स्रोत सापडत नाही आणि पुढेही तो दिला जात नाही. 'महल'मधील स्वराचा स्रोत लपविलेला होता. येथे तो अस्तित्वातच नाही. मग फटके कोण मारीत आहे? प्रियकर, आई, ज्याच्यावर तिने जीव लावला तो भाऊ, की ज्या इतिहासाने या कुटुंबाला आपल्या भूमीतून उखडले तो? घटक उत्तर देत नाहीत. क्रम जाणवतो, पण त्याचे दुसरे टोक रिकामे आहे. शास्त्रीय भाषेत बोलायचे तर हे असे अनुरणन आहे, ज्याला विसावा देणारा एकच अर्थ उपलब्ध नाही.

'कोमल गांधार'मध्ये (१९६१) हेच तंत्र उलट्या दिशेने येते. पद्मेच्या काठी, जेथे आता सीमा आहे, रेल्वेचा रूळ अडथळ्याशी येऊन संपतो. कॅमेरा रुळावरून धाव घेतो, नाविकांची प्रार्थनावजा आरोळी क्रमाने वेगवान होते, आणि अडथळ्यावर आदळताच पडदा काळा होतो. आयझेन्स्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी १९२८ च्या निवेदनात आग्रह धरला होता की, ध्वनीने दृश्याची री ओढू नये, त्याला छेद द्यावा. घटक यांचा या परंपरेशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे. पण त्यांच्या छेदाचे साहित्य लोकगीत, रवींद्रसंगीत आणि राग यांतून येते. त्यामुळे प्रेक्षकाची या ध्वनींशी आधीचीच जी जवळीक असते, तिच्यावरच आघात होतो. परिचित सूर फाटतो, म्हणून तो अधिक लागतो.

७

या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांतील दोन प्रसंग पाहावेत. 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याचे कुटुंब गावकऱ्यांच्या हास्यात डुकरामागे धावत आहे. ऐन धावपळीत शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. ही माणसे जागच्या जागी थिजतात. डुक्कर मात्र मोकळेच राहते, कारण त्याच्यावर या ध्वनीची सत्ता नाही. 'द बर्ड्स'मधील शाळेच्या गाण्याशी याची तुलना केली तर रचनेतील साम्य लक्षणीय आहे : दोन्हीकडे भिंतीआडून येणारा सामूहिक स्वर, दोन्हीकडे तो संपण्याची वाट पाहणे, आणि दोन्हीकडे गाणाऱ्यांना बाहेरच्या प्रसंगाचे भान नसणे. पण हिचकॉक यांच्या गाण्याला स्वतःचा काही अर्थ नाही. कोणतेही बालगीत तेथे चालले असते. 'फँड्री'तील ध्वनी बदलता येत नाही. समान नागरिकत्वाचे चिन्ह असलेल्या सुरासमोर हे कुटुंब इतर कोणाइतक्याच निष्ठेने उभे राहते, आणि तो सूर संपताच त्याला पुन्हा डुकरामागे धावायचे आहे. ऐकणे आणि उमगणे यांतील अंतर येथे कथेचे राहत नाही. ते वचन आणि व्यवहार यांतील अंतर होते. प्रेक्षागृहात या प्रसंगी हसू फुटते, आणि ते हसू आपण कोणत्या बाजूला बसून हसलो, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या रोखाने येतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा तो प्रश्न टाळता येत नाही.

'सैराट' (२०१६) हा ध्वनीच्या दृष्टीने याच्या दुसऱ्या टोकाला असलेला चित्रपट वाटतो. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद वापरला गेला, आणि पूर्वार्धात तो मोकळेपणाने उसळतो. प्रेमिकांचे जग या वाद्यवृंदाने भरलेले आहे. ती पळून हैदराबादला येतात, आणि ध्वनिविश्व पालटते. आर्चीच्या कानांवर आता तेलुगू पडते. जी भाषा कळत नाही, ती आधी केवळ ध्वनी असते. मराठी प्रदेशाबाहेर राहणाऱ्या वाचकाला हा अनुभव वेगळा सांगावयास नको. संगीत मागे सरते, वस्तीचे आणि कामाचे आवाज पुढे येतात, हळूहळू ती परकी भाषा आर्चीच्या तोंडी रुळते, आणि संसार उभा राहतो. म्हणजे या चित्रपटाने आपल्याला नकळत एक सवय लावली आहे : संगीत म्हणजे स्वप्न, साधे आवाज म्हणजे सुरक्षित वास्तव.

शेवटच्या प्रसंगात माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. चहा होतो. येथे एकही सूचक स्वर नाही. हर्मन यांच्या संगीतासारखे आगाऊ जाणणारे काही नाही. तरीही ताण आहे, आणि तो चहाच्या साधेपणातून येतो, कारण या माणसांचा पूर्वेतिहास आपण जाणतो. हत्या दाखविली जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, आईबापांना पाहते, आणि ध्वनी नाहीसा होतो. मूल रडते, पण रडणे ऐकू येत नाही. रक्ताने माखलेल्या पावलांचे ठसे उमटवीत ते दाराबाहेर चालू लागते.

या नीरवतेचा अर्थ 'परिणामकारक शांतता' एवढाच लावणे अपुरे आहे. येथवर पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणात प्रेक्षकाला काही ऐकू येत होते आणि त्याचा अर्थ लावावयाचा होता. येथे अर्थ पूर्ण कळलेला आहे आणि ऐकू येणेच काढून घेतले आहे. रडणे ऐकू आले असते तर करुण रसाची वाट मोकळी झाली असती; आपण मुलासाठी रडलो असतो आणि त्या रडण्याने हलके झालो असतो. पार्श्वसंगीत आले असते तर ज्या वाद्यवृंदाने प्रेम साजरे केले, त्यानेच मृत्यूही साजरा केला असता. ध्वनी काढून घेतल्याने ही दोन्ही दारे बंद होतात. मूल रडते आहे हे आपण पाहतो आणि ऐकू शकत नाही. एका अर्थी, ज्या समाजात अशा हत्या घडतात त्याची ऐकण्याची असमर्थता काही क्षणांपुरती आपल्या कानांत ठेवली जाते. 'एम'मधील आईच्या हाकेला मूल उत्तर देत नव्हते. येथे मूल रडते आहे, आणि ऐकणारा बहिरा झाला आहे. पंचाऐंशी वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन प्रसंग एकमेकांची उलटी प्रतिबिंबे आहेत.

८

या विवेचनावरून ताणाचे तीन प्रकार मांडता येतील. पहिल्यात ऐकणे आणि उमगणे यांतील अंतर कथा स्वतः मिटवते. 'एम'मधील शीळ, 'महल'मधील स्वर आणि 'शोले'तील झोपाळा या वर्गात येतात. दुसऱ्यात संगीत प्रेक्षकाच्या आधी जाणते आणि अंतर प्रेक्षकाच्या शरीरात, म्हणजे श्वासात आणि ठोक्यांत, निर्माण होते. 'सायको' हा त्याचा आदर्श आहे. तिसऱ्यात हे अंतर मिटत नाही. घटक आणि मंजुळे यांच्या चित्रपटांत ते प्रेक्षकाच्या स्वाधीन केले जाते आणि तो ते घेऊन बाहेर पडतो. या तिसऱ्या प्रकाराला केवळ मनोरंजनाच्या परिभाषेत बसविता येत नाही, कारण त्यात ताणाचे विसर्जन नाही. त्याचे रूपांतर जबाबदारीत होते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरीही सुचते. आज विविध दृक्‌श्राव्य मंचांवर चित्रपट मथळ्यांसह पाहिला जातो, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ध्वनींचेही शब्दांकन केले जाते. ही सोय न्याय्य आणि आवश्यक आहे. पण 'तणावपूर्ण संगीत' असा मथळा पडद्यावर उमटतो तेव्हा ऐकणे आणि उमगणे यांतील अंतर मजकूर आधीच मिटवून टाकतो. चाबकाच्या आवाजाला 'चाबकाचा आवाज' म्हटले की, तो कोणाचा, हा प्रश्न मावळतो. ध्वनीचा अनुवाद शब्दात करताना काय हरवते, हा अनुवादमीमांसेचा एक खरा प्रश्न आहे, आणि तो सोडविण्यासाठी ध्वनीला नाव देण्याआधी त्याचे वर्णन करण्याची सवय हवी. झोपाळा करकरतो, एवढेच म्हणावे. तो भीतिदायक आहे, असे म्हणू नये.

चित्रपटसमीक्षेलाही हेच लागू आहे. 'परिणामकारक पार्श्वसंगीत' हा शब्दप्रयोग असाच एक मथळा आहे. तो बाजूला ठेवून कोणता आवाज, कोठून, किती वेळ, कोणाच्या कानांवर आणि कोणत्या मौनानंतर आला, हे नोंदविण्यापासून आपल्या समीक्षेला आरंभ करता येईल.